पाचव्या किती, बारशी किती

बुधवार, २१ नोव्हेंबर १९४५

वही, तू विसरभोळी असणार हे मला तुझं तोंड बघूनच कळलं. कोरंच्या कोरं तोंड! उद्या तुला म्या कोण, हे घर कुणाचं, काय बी आठवायचं न्हाई. म्हणून पहिल्याच दिवशी सांगून ठेवती. परत विचारायचं न्हाई.

म्या मनुबाई. आष्ट्याच्या अलीकडं आमची वाडी. अक्षर मला एक बी येत न्हाई. काळ्या मुंग्या दिसत्यात नुसत्या. म्या बोलती आन् लिवती ती अंजना, माझ्या नाथाजीची बायको, माझी नातसून. चौथी पास हाय, म्हणून नाकाचा शेंडा वर. (लिही, हे बी लिही. हसू नको.) नाथाजी देवळालीला पलटणीत. लढाई संपली तरी सरकार त्याला सोडीना. त्याचा बाप, म्हणजे माझा ल्योक लालासाहेब, तो बी जुना शिपाई. घरात बसून हुकूम सोडतो आन् कोण ऐकत न्हाई. त्याची बायको गेल्यापासून हुकूम जास्तच वाढल्यात.

अंजनाला सातवा सरत आलाय. याच्या आदी दोन झाली. एक तिच्या माहेरी रहिमतपुरात, एक हितं. दोन्ही... पुढं लिवायचं न्हाई म्हणती ती. हात थांबला तिचा. पण वहीला कळलं पायजे. लिही पोरी. दोन्ही बारशाच्या आत गेली. चांगली रडत होती, पीत होती. मग दूध वढायचं थांबलं, जबडा मिटला, अंग धनुष्यागत ताणलं. लोक म्हणत्यात सटवीनं उचललं. म्या बी तेच म्हणती. दुसरं काय म्हणायचं?

हिचा हात रिकामा ऱ्हायला की डोकं तितंच जातं. म्हणून ही रोजनिशी. तिचा हात चालंल, माझं तोंड तर चालतंच!

शुक्रवार, २३ नोव्हेंबर

वाडीत नर्सबाई आली. पायात बूट! मागं कुत्री, कुत्र्यांच्या मागं पोरं.

सोमवार, २६ नोव्हेंबर

नर्सबाई म्हणजे कोण परकी न्हवं. आष्ट्याच्या चांदसाहेब मणेराची लेक, मदिनाबी. तिच्या बापानं आमच्या समद्यांच्या हातात बांगड्या भरल्या. आता लेक म्हणती हात धुवा! नवरा लवकर वारला, मग सांगलीकडच्या मोठ्या दवाखान्यात राहून शिकली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी धाडलीय. गावोगाव फिरायचं, बाळंतिणींना विचारायचं, पोरं पहिल्या आठ-दहा दिसांत का मरत्यात ते शोधायचं.

आमच्याच सोप्यात बायका जमल्या. मदिनाबीनं कागद काढला. छापील प्रश्न.

"आपणांस आजवर किती अपत्ये झाली?"

"काय झाली?" सगळ्या माझ्याकडं बघाय लागल्या.

"पोरं गं, पोरं!" म्या म्हणलं.

"तीन." "चार." "देवाच्या दयेनं पाच."

"पैकी किती दगावली?"

"एक बी न्हाई." "न्हाई." "न्हाई बया, कुनी न्हाई."

सोपा संपला तरी तेच. मदिनाबी कागदाकडं बघतीय आन् आमी पायाच्या बोटांकडं. कागदावर आमची वाडी म्हणजे अमर लोकांची वाडी झाली! तिला ठाऊक न्हाई असं न्हाई, ती हिथलीच हाय. गेलेल्या पोराला मोजायचं नसतं. मोजलं की त्याला वाटतं आईनं बोलावलं. ते येतं, आन् जाताना जित्याचा हात धरून जातं. पण डॉक्टरीणबाईंच्या कागदाला हे ठाऊक न्हाई.

मग शालूबाई उठली. समोरच्या घरातली. नववा लागलाय, तोंडाला लगाम न्हाई. माझीच बहीण शोभंल.

"मनुबाई, तुमचा पाटा देऊन ठेवा. आता लागंल मला पाचवीला."

"गेल्या बारीला नेलास तो कोपरा फोडून आणलास."

"फुटंल न्हाई तर काय! चार पाचव्या पुजल्या त्या पाट्यावर!"

"व्हय गं, पाचव्या चार. आन् बारशाच्या घुगऱ्या आमी एकदाच खाल्ल्या."

तोंडातून निसटलं. थट्टाच करायला गेले. पण शालूबाई पदर तोंडाला लावून गेली. पाटा न घेताच.

मदिनाबीनं कागद घडी करून पोलक्यात घातला. मागनं बघितलं तर गोठ्याच्या आड उभी राहून पेन्सिलीनं भराभरा लिवत होती.

मंगळवार, २७ नोव्हेंबर

पाटा म्याच नेऊन दिला. शालूबाईनं घेतला. माझ्याकडं बघितलं न्हाई.

रविवार, २ डिसेंबर

आता मदिनाबी छापील कागद पिशवीतच ठेवती. घरात जाती, पाणी पिती, इकडचं तिकडचं बोलती आन् विचारती, "काकू, पाचव्या किती पुजल्या?" बाया पटापटा सांगत्यात. पाचवी देवीची, ती सांगायला लाज न्हाई. मग थोड्या वेळानं, "बारशी किती झाली?" ते बी सांगत्यात. दोन्हीच्या मधलं कोण बोलत न्हाई. तिला बोलायला लागत बी न्हाई.

म्या तिच्यासंगं फिरती. मला तरी काय काम हाय? लाला म्हणतो, "आये, तू काय सरकारी झालीस का?" म्हणलं, तुझ्यासारखी पेन्शन मिळाली तर होईन.

वाडीत पाचव्या पाटीनं आन् बारशी चिमटीनं. इतकी वर्सं हितं ऱ्हायले, प्रत्येकीच्या पाचवीला गेले, पण समदी एका जागी अशी कवा दिसलीच न्हवती. एकेकीचं एकेकीच्या घरात झाकून ऱ्हातं. रातीच्याला दार लावून एकटीनं रडायचं.

शेवटी आमच्याच घरात आली. अंजना तांदूळ निवडत होती.

मदिनाबी विचारंना. अंजनाच म्हणाली, मान वर न करता, "पाचव्या दोन. बारसं न्हाई."

आन् आता हे बी तिच्याच हातानं लिवून घेतलं म्या. निर्दयी म्हातारी!

रविवार, ९ डिसेंबर

मदिनाबीचं म्हणणं असं. शेणात, गोठ्यातल्या मातीत एक विष असतं. डोळ्याला दिसत न्हाई. आपण नाळ कापतो गवताच्या विळ्यानं, वर लावतो गोवरीची राख. त्या वाटंनं ते आत शिरतं. आठ दिसांत जबडा मिटतो.

म्या म्हणलं, "न दिसणारं, पोराच्या अंगात शिरणारं... मग सटवीच की ती!"

"सटवी म्हणा, आज्जी. पण उकळत्या पाण्यात ती मरती."

बायकांनी कानावर हात ठेवले. "देवी मरती व्हय गं?"

मदिनाबीनं जीभ चावली. तोंड उतरलं तिचं. म्याच सावरलं, "मरत न्हाई गं, पळून जाती. तुमी बी पळाल गरम पाणी वतलं तर!" तवा कुठं हसल्या.

पण बनाबाई हसली न्हाई. बनाबाई आमची सुईण. निम्मी वाडी तिच्या हातानं बाहीर आली. माझी लहानपणाची मैतरीण, माझी बाळंतपणं बी तिच्या आईनं केली. ती उभी ऱ्हायली. "म्हंजी माज्या हातानं मेली म्हना की समदी!"

मदिनाबी म्हणाली, "मावशी, तुमच्या हातानं न्हाई. विळ्यानं."

"इळा कुनाच्या हातात हुता?"

 बनाबाई निघून गेली. संध्याकाळी म्या तिच्या दारात जाऊन बसले. म्हणलं, "बने, तुला उकळायचं काय वाईट वाटतं? चहा उकळतीस की!" म्हणाली, "च्याला देवी लागत न्हाई." म्या उठले न्हाई. शेवटाला म्हणाली, "बरं. शालीच्या येळंला उकळून बघते. पन एकदाच."

एकदा तर एकदा.

बुधवार, १९ डिसेंबर

शालूबाईला मुलगा झाला. मदिनाबी आष्ट्याला गेलेली. पण तिनं आपलं जर्मनचं पांढरं पातेलं आदीच बनाबाईकडं देऊन ठेवलं होतं. बनाबाईनं विळा उकळला. खळाखळा, म्या डोळ्यांनी बघितला, मग शालूबाईला धराय आत गेले. नाळेवर राख बी लावली न्हाई.

पोरगं दणकट हाय. शालूबाई आज माझ्याकडं बघून हसली.

अंजनानं आज जेवण दोनदा वाढून घेतलं.

रविवार, २३ डिसेंबर

शालूबाईची पाचवी. पाट्यावर देवी मांडली, विळा ठेवला, वर कोरा कागद आन् लेखणी. सटवी रात्री येऊन पोराचं नशीब लिवून जाती. म्या मनात म्हणलं, बाई, तुला शाळा कुठली? मला बी सांग, म्या बी शिकती.

मदिनाबी परत आलीय. उंबऱ्याबाहीरून पोरगं बघितलं, दूध वढतंय का तेवढं विचारलं. तिला चैन पडत न्हाई. "बारसं होऊ दे, आज्जी. मग बोला माझ्याशी."

बुधवार, २६ डिसेंबर

पोरगं दूध वढीना.

गुरुवार, २७ डिसेंबर

गेलं.

मदिनाबी कालपासून त्याच्याजवळ बसलेली. दिव्याचा उजेड पडला तरी अंग ताठायचं, म्हणून अंधारात बसली. दवाखान्यात न्यायचं म्हणाली तर शालूबाईच्या नवऱ्यानं दार अडवलं. "लय झालं तुमचं दवाखानं."

शालूबाई रडत न्हाई. पाटा आणून दिला तिनं. धुऊन, पुसून.

आज अंजनाला लिवायला बसवायचं न्हवतं. तीच बसली. बोट गार पडलंय तिचं.

शनिवार, २९ डिसेंबर

मदिनाबी दोन दिस जेवली न्हाई. आज उठली आन् म्हणाली, "आज्जी, मला बनामावशीकडं न्या. मला एकदा करून दाखवू दे त्यांना. जसं केलं तसं. रागावणार न्हाई."

बनाबाई बी खचलेलीच. तिनं दाखवलं. चूल पेटवली. पातेलं ठेवलं. विळा घातला. खळाखळा उकळला. चिमट्यानं काढला. तोवर समदं बरोबर. मग ती उठली, कोनाड्यातलं भांडं घेतलं. शेण कालवलेलं गोमूत्र. विळा त्यात बुडवला, दोन्ही अंगानं फिरवला, मग पदरानं पुसला.

मदिनाबीनं विचारलं, लय हळू, "हे कशाला, मावशी?"

"आता! सटवाईचा इळा हाय. दवाखान्याच्या पातेल्यात कोनाकोनाचं काय उकाळलं आसंल, देवाला ठावं. इटाळ काढाय नको? म्या मनापासनं केलंय गं. दोनदा बुडवला."

मदिनाबी तिथंच चुलीपाशी बसली. पातेलं तिचं, तिच्या हातचं. विटाळ म्हणजे तिचाच, ते बी तिला ऐकू आलं असंल.  पण एवढंच म्हणाली, "मनापासनं केलं, व्हय."

बनाबाईला तिनं समजावून सांगितलं. समदं ऐकून घेतलं तिनं. मग ती उठून आत गेली आन् कडी लावून घेतली.

घरी येऊन म्या लालाला सांगितलं. तो म्हणाला, "आये, आता हे वाडीत बोलू नको. शालूबाईचा नवरा बनाबाईला जित्ती ठेवायचा न्हाई."

गुरुवार, ३ जानेवारी १९४६

मदिनाबी चावडीवर बोलली. बनाबाईचं नाव घेतलं न्हाई. एवढंच सांगितलं, उकळल्यावर पात्याला शेण-गोमूत्र लावायचं न्हाई. पण ऐकणार कोण?

भाऊसो पाटील तंबाखू मळत म्हणाला, "बाई, न उकाळता मरतंय, उकाळून बी मरतंय. मग लाकडं कशाला जाळायची?"

समदे हसले. बायका बी. त्यांना हसायला लागतंच, नवरे बसलेले असत्यात.

म्या म्हणलं, "भाऊसो, तुज्या मिशा उकाळल्या तर काय निघंल ते बी बघायला पायजे." परत हसले. पण मदिनाबीला त्याचा काय उपयोग? थट्टेनं कुठं नाळ कापता येती?

दवाखान्यातून तिला सांगावा आलाय. एवढ्या एका वाडीवरून काय ठरत न्हाई, महिना संपला की परत ये.

बनाबाईनं दार उघडलेलं न्हाई.

शनिवार, ५ जानेवारी

आज अंजना झोपलीय, म्हणून मदिनाबी लिवती. म्हणून मनातलं बोलती.

मला आशा न्हाई. अंजनानं टोपडं शिवलं न्हाई, कुंची शिवली न्हाई, जुन्या लुगड्याच्या चिंध्या तेवढ्या धुऊन ठेवल्यात. चिंध्या कशाला लागत्यात ते मला ठाऊक हाय. दोन्ही बारीला त्याच्यातच गुंडाळून नेलं. कपाळी काय लिवलंय ते तिनं आपल्याच हातानं वाचून ठेवलंय. शिकलेली ना!

मदिनाबी लिवता लिवता थांबली. म्हणाली, "आज्जी, विळा देवीला देऊ. तो देवीचाच. उकळायचा न्हाई, धुवायचा न्हाई, पाट्यावर ठेवायचा. आन् नाळेला वेगळं पातं. देवीचं नव्हं, कुणाचंच नव्हं. त्याला विटाळ बी लागणार न्हाई, मग काढायला बी नको."

म्या विचारलं, "हे तुझ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं?"

"न्हाई. बनामावशीनं. त्यांना म्हायती न्हाई एवढंच."

ती म्हणती अंजनाचं व्हईस्तोवर ती जाणार न्हाई. दवाखान्यानं काढलं तर काढलं.

बुधवार, ९ जानेवारी

लिवणारा लालासाहेब. याची लिवायची तऱ्हा पलटणीतली. एक वाक्य लिवतो आन् पाय आपटतो!

अंजनाला काल दुपारी मुलगा झाला. मदिनाबीनं नवं पातं उकळलं, तिनंच कापलं, उकळल्या दोऱ्यानं बांधलं, स्वच्छ कापड. दुसरं काय न्हाई. विळा कोनाड्यात देवीपाशी.

कळा सुरू झाल्या तवा दारात कोण उभं? बनाबाई. इतक्या दिसांनी. आत आली न्हाई. म्हणाली, "म्या कशाला बी हात लावनार न्हाई. पाठ तेवढी धरते." आन् अंजनाची पाठ धरून बसली शेवटपर्यंत.

अंजनाला लय रक्त गेलं. वार लवकर पडंना. मदिनाबीनं पोट दाबून, गोळी देऊन थांबवलं. पोर पांढरीफटक दिसती. पण हसली. पोराकडं मात्र बघंना. "बारशाला बघीन," म्हणाली.

शनिवार, १२ जानेवारी

पाचवी. कोरा कागद ठेवला. म्या सटवीला बोलले, "लिवायचं तर आज नीट लिही. न्हाईतर आमच्या लालाला बोलीव, तो खोडून लिवतो."

लाला म्हणतो हे लिवायचं न्हाई. लिही म्हणलं!

मदिनाबीला पलीकडच्या वाडीतनं बोलावणं आलंय. तिथं अडलीय एक. जाताना तिनं मला, बनाबाईला, लालाला, समद्यांना सांगितलं, "पोराच्या तोंडाकडं बघत ऱ्हावा. दूध वढतंय तोवर भ्यायचं न्हाई. वढायचं थांबलं की माणूस पळवा माझ्याकडं."

सोमवार, १४ जानेवारी

संक्रांत. तीळगूळ कोण करणार? कोण कुणाच्या घरी गेलं न्हाई, शालूबाई तेवढी येऊन दारात उभी ऱ्हायली. "वढतंय का?" म्हणाली. "वढतंय," म्हणलं. गेली.

आमी समदी पोराच्या तोंडाकडं बघतोय. म्या बघती, बनाबाई बघती. लाला, ज्यानं नाथाजीला बी कवा मांडीवर घेतला न्हाई, तो उंबऱ्यात बसून विचारतो, "आता?" वढतंय. "आन् आता?" वढतंय रं बाबा!

अंजनानं आज पोराकडं बघितलं. माझ्या देखत. बोटानं ओठ उघडून बघितलं, जबडा मोकळा हाय का. मग म्हणाली, "आज्जी, थंडी वाजतीया." वाकळ घातली. पौषाची थंडी, वाजणारच.

मंगळवार, १५ जानेवारी

वढतंय!

बुधवार, १६ जानेवारी

मदिनाबी आली. पोराकडं गेली न्हाई. दारातनंच अंजनाकडं बघितलं आन् धावली. कपाळाला हात लावला. वाकळ काढली. खालच्या चिंध्यांचा वास घेतला.

"ताप कवापासनं?"

 कुणालाच ठाऊक न्हाई. कालपासनं? परवापासनं? ती म्हणाली होती थंडी वाजती.

"आज्जी, दूध वढतंय का तेवढं सगळ्यांनी बघितलं. पाजणारीकडं..." आन् तिनं वाक्य तोडलं. म्हणाली, "म्या बी तेच सांगून गेले होते की."

अंजना बडबडती. रहिमतपूरच्या शाळेतली कविता म्हणती, मधीच मला म्हणती, "सांगा आज्जी, लिवते." लालानं बैल जुंपले. दवाखान्यात गोळ्या हाईत म्हणं. गाडीत वैरण टाकली, वर वाकळ, वर अंजना. पोरगं माझ्यापाशी ठेवलं. मदिनाबी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. बनाबाई गाडीमागं चालत गेली, वेशीच्या लय पुढं.

लाला गाडीवर जायच्या आदी एवढं लिवून जातोय.

शनिवार, १९ जानेवारी

लाला परत आलाय. म्या सांगती, तो लिवतो. पाय आपटत न्हाई आज.

अंजना गाडीतच गेली. दवाखाना तिला दिसला बी न्हाई.

पोरगं जितं हाय, तीन दिस गुळपाण्याच्या बोळ्यावर. जबडा मोकळा. रडतंय दणक्यात. शालूबाई आली, त्याला पदराखाली घेतलं. पण तिचं आटून गेलंय, दोन घोट बी येईना.

आज बारसं असतं. सुतकात कसलं बारसं! म्हणजे पाचवी एक, बारसं न्हाई. पुढं कुणी विचारत आलं तर या पोराला मेल्यात धरंल. आन् जी आई मेली, ती कशातच न्हाई. आमी जितीलाच विचारत फिरलो. म्या हे मदिनाबीला सांगितलं. ती कागद मांडीवर घेऊन बसली. पेन्सिल हातात. लिवलं काय न्हाई.

लाला, रहिमतपूरला तिच्या आईकडं सांगावा धाड. डिंकाचे लाडू पाठवू नका म्हणावं, अळीव बी नको, खाणारी न्हाई. दूध देणारी शेळी पाठवा, नुकती व्यालेली. आजच निघा. पोरगं भुकेलं हाय.